स्वीटवाल्यांचं वेगळं टेबल

नागभीडहून समुद्र गाठायचा तर पश्चिमेला मुंबई, नाही तर पूर्वेला विशाखापट्टणम. दोन्हीकडे जाताना रेल्वेत रात्र काढावी लागते. तरी ब्रह्मपुरी, सिंदेवाही, चिमूर, नागभीड या धानपट्ट्यातल्या घरांतून आता क्रूझचा विषय निघतो. निवृत्त झालेले गुरुजी आणि बाई, मुलं पुण्याला किंवा परदेशात असलेले आईवडील, लग्नाची पंचविशी साजरी करणारी जोडपी. कुणी सिंगापूरच्या सहलीला क्रूझ जोडून घेतं, कुणी मुंबईहून गोवा किंवा लक्षद्वीप करून येतं. बुकिंग करताना एजंट चार पर्याय पुढे ठेवतो: आतली खोली, खिडकीची, बाल्कनीची आणि स्वीट. स्वीटचा दर ऐकून समोरचा गप्प झाला की पुढचं वाक्य येतं, ‘पण स्वीटवाल्यांचं जेवण वेगळं असतं.’

हे वेगळं म्हणजे किती वेगळं, ही रीत आली कुठून, तिच्यासाठी पैसे मोजावेत का, आणि खोली पाहून ताट वाढण्याची पद्धत आपल्या बोटींवर आणि गाड्यांत यावी का, हे प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. माझं मत आधीच सांगून टाकतो. चांगल्या जेवणाला जास्त पैसे घेण्यात काही गैर नाही. पण अमुक खोलीत झोपणाऱ्यालाच अमुक टेबल, ही अट स्वयंपाकघराला कधीच लागत नाही. ती विक्री खात्याला लागते.

मोठ्या क्रूझच्या तिकिटात सर्वांसाठी दोन गोष्टी धरलेल्या असतात. एक, टेबलावर वाढणारं मोठं भोजनगृह. तिथे बऱ्याच जहाजांवर रात्रीच्या जेवणाच्या दोन पाळ्या असतात, लवकरची आणि उशिराची. दुसरी, बुफे. याशिवाय इटालियन, जपानी, स्टेक अशा खास रेस्टॉरंटांचे वेगळे पैसे पडतात. स्वीट घेणाऱ्याला यावर आणखी काय मिळतं, ते कंपनीगणिक बदलतं. रॉयल कॅरिबियनच्या काही जहाजांवर ‘कोस्टल किचन’ नावाचं रेस्टॉरंट मुख्यतः स्वीटवाल्यांसाठी राखलेलं आहे. सेलिब्रिटी कंपनीचं ‘ल्युमिनी’ तसंच. एमएससीचा ‘यॉट क्लब’ आणि नॉर्वेजियनचं ‘हेवन’ तर जहाजातलं जहाजच म्हणावं: वेगळा दरवाजा, वेगळी बैठक, वेगळं रेस्टॉरंट. सिंगापूरहून निघणाऱ्या ‘गेंटिंग ड्रीम’वर, जिथे मराठी सहलींचे गट बरेच जातात, या भागाला ‘पॅलेस’ म्हणतात.

याशिवाय किरकोळ वाटणारे पण रोज उपयोगी पडणारे लाभ असतात. न्याहारी सांगितलेल्या वेळी खोलीत येते, ट्रेवर कोंबून न आणता टेबल मांडून. संध्याकाळी बटलर खाण्याची छोटी बशी ठेवून जातो. फळं असतात, कॉफीचं यंत्र असतं. खास रेस्टॉरंटांत जागा आधी मिळते, कुठे एखादं जेवण फुकट असतं. बोटीवर चढण्याच्या दिवशी बुफेत सर्वांत जास्त गर्दी असते. त्या दुपारी स्वीटवाले शांत जागी बसून जेवतात. मला विचाराल तर सगळ्या यादीत खरा दिलासा हाच.

ही रीत जुनी आहे, मधे काही काळ मागे पडली आणि पुन्हा जोरात आली. १९०५ साली हॅम्बुर्ग-अमेरिका कंपनीच्या ‘अमेरिका’ या बोटीवर रिट्झच्या नावाने रेस्टॉरंट सुरू झालं. तिथे ठरलेल्या वेळेची पंगत नव्हती. हवं तेव्हा यावं, यादीतून निवडावं, वेगळे पैसे द्यावेत. ‘टायटॅनिक’वरही १९१२ मध्ये असंच रेस्टॉरंट होतं. लुइजी गॅटी नावाचा इटालियन व्यवस्थापक ते चालवत होता. ते फक्त पहिल्या वर्गासाठी होतं आणि पहिल्या वर्गाच्याच भोजनगृहातलं जेवण तिकिटात मिळत असूनही लोक वर पैसे भरून इथे येत. गॅटीचे स्वयंपाकी आणि वाढपी बोट कंपनीचे नोकर नव्हते, त्यांचा मालक तोच. बोट बुडाली तेव्हा त्या चमूतले जवळजवळ सगळे गेले, गॅटीही गेला. वर्गांच्या या जगात वाढणाऱ्याचं स्थान कुठे होतं, ते यावरून दिसतं.

अटलांटिक ओलांडणाऱ्या बोटींना विमानाने संपवलं आणि सत्तरच्या दशकात सुट्टीची क्रूझ वाढली, तेव्हा वर्ग पुसट झाले. खोली लहान असो की मोठी, भोजनगृह एकच, हा त्या क्रूझचा मोठा गुण होता. अपवाद क्युनार्डचा. ‘क्वीन एलिझाबेथ २’वर १९७२ मध्ये ‘क्वीन्स ग्रिल’ आलं आणि कंपनीने ती परंपरा आजतागायत जपली आहे. क्युनार्डच्या बोटींवर स्वीटवाले ‘क्वीन्स ग्रिल’मध्ये, त्याखालच्या दर्जाचे ‘प्रिन्सेस ग्रिल’मध्ये, बाकीचे ‘ब्रिटानिया’त. क्वीन्स ग्रिलमध्ये सबंध प्रवासभर तुमचं टेबल तुमचंच असतं, वेळ तुमची, आणि यादीबाहेरचा पदार्थ मागण्याची मुभा असते. इतर कंपन्यांनी हे २००० नंतर उचललं. एमएससीचा यॉट क्लब २००८ चा, सेलिब्रिटीचं ल्युमिनी २०१५ चं. जहाजं तीन-चार हजार प्रवाशांची झाली, गर्दी वाढली, आणि गर्दीतून सुटका ही विकण्याजोगी वस्तू झाली. गर्दी करणारा आणि तिच्यातून सोडवणारा एकच, ही गोष्ट मला खटकते.

मग त्या टेबलावर चव खरंच वेगळी असते का? असते, आणि तिचं कारण समजून घेण्यासारखं आहे. जहाजाचं कोठार एकच असतं. बंदरात एकाच दिवशी भाजी, मासे, पीठ, दूध चढतं. स्वीटवाल्याचा कांदा दुसऱ्या शेतातला नसतो. काही महाग जिन्नस वरच्या रेस्टॉरंटात जास्त जातात, हे खरं. पण मोठा फरक पडतो तो एका वेळी किती ताटं निघतात याने. मोठ्या भोजनगृहात एका पाळीला हजारभर माणसं एकदम बसतात. तिथे स्वयंपाक आधी करून, गरम ठेवून, एका झटक्यात वाढावा लागतो. रस्सा, बिर्याणी, पुडिंग याला तोंड देतात. मासा देत नाही, अंडं देत नाही, आणि फुलका तर मुळीच देत नाही. शंभर माणसांच्या रेस्टॉरंटात पदार्थ तव्यावरून थेट ताटात येऊ शकतो. तेव्हा स्वीटवाला जादा पैशांत विकत घेतो ती मुख्यतः लहान पंगत. त्याबरोबर शांतता येते, आणि दुसऱ्या दिवशी नाव लक्षात ठेवणारा वाढपी येतो.

लहान पंगत ही चांगलीच गोष्ट आहे. पण तिचा खोलीशी संबंध काय? साध्या खोलीतल्या माणसाला एक संध्याकाळ तशी हवी असेल, तर त्याला एका जेवणाचे पैसे भरून तिथे बसता यायला हवं. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम सुरू होतो. तिथे खुर्चीचं तिकीट वेगळं, खाली बसण्याचं वेगळं. त्याबद्दल कुणाची तक्रार नसते, कारण नाटक दोघांना एकच दिसतं आणि ज्याला आज खुर्ची हवी त्याने आज खुर्चीचे पैसे द्यावेत, घर किती मोठं आहे ते कुणी विचारत नाही.

आपल्याकडे या प्रश्नाची दोन्ही उत्तरं रेल्वेने देऊन पाहिली आहेत. राजधानी एक्सप्रेसमध्ये ताट डब्यावरून ठरतं. बल्लारशाला थांबणारी चेन्नई राजधानी घ्या. फर्स्ट एसीत चिनीमातीच्या बशा, पदार्थ विचारून वाढणं. थ्री टिअरमध्ये झाकण लावलेल्या डब्यांचा ट्रे. वंदे भारतमध्ये एक्झिक्युटिव्ह आणि चेअर कारचे जेवणाचे दर वेगवेगळे. रेल्वेत याला थोडं समर्थन आहे, कारण माणूस जागेवरून हलत नाही, जेवण त्याच्याकडे येतं.

दुसरं उत्तर डेक्कन क्वीनचं. १ जून १९३० ला ही गाडी सुरू झाली तेव्हा ती फक्त वरच्या वर्गांची होती. तिसरा वर्ग तिला जून १९५५ मध्ये जोडला गेला. पण तिची भोजनगाडी टिकली, आणि कालांतराने ती सगळ्या गाडीची झाली. साध्या डब्यातला नोकरदारही उठून तिथे जातो, टेबलाशी बसतो, ऑम्लेट, कटलेट किंवा चीज टोस्ट मागवतो आणि खाल्लं त्याचे पैसे देतो. जुन्या डब्यात ३२ जणांची सोय होती. २०२२ मध्ये नवे डबे आले तेव्हा ती ४० झाली. पुणे-मुंबईच्या दोन-तीन पिढ्यांना या टेबलाबद्दल माया आहे, कारण ते पदार्थावर विकलं गेलं, आसनावर नाही. क्रूझ कंपन्यांनी पाहावा असा हा नमुना महाराष्ट्रात रोज धावतो आहे.

डेक्कन ओडिसी २००४ पासूनची, मधे बंद पडून २०२३ मध्ये पुन्हा सुरू झालेली. ही गाडी चाकांवरची क्रूझच आहे. तिच्या एका मार्गात ताडोबा येतं, म्हणजे ती आमच्या जिल्ह्यात उतरते. तिच्यात साधे कक्ष आहेत आणि चार प्रेसिडेन्शियल स्वीट आहेत. दोन भोजनगाड्या आहेत, त्यांना ‘पेशवा’ हे नाव आहे, आणि त्या सगळ्यांच्या आहेत. इतक्या महाग गाडीतही स्वीटवाल्यासाठी तिसरं भोजनयान जोडलेलं नाही. वाराणसीहून दिब्रुगडला जाणाऱ्या ‘गंगा विलास’ने १८ स्वीट आणि ३६ प्रवासी ठेवून प्रश्नच मिटवला, सगळेच स्वीटवाले.

परदेशातही लहान, महाग जहाजांनी हीच वाट धरलेली दिसते. रीजंट आणि व्हायकिंग या कंपन्यांच्या जहाजांवर खास रेस्टॉरंटं सर्वांना तिकिटातच असतात. मोठ्या खोलीवाल्याला फार तर टेबल आधी राखता येतं. यातून एक गोष्ट स्पष्ट होते: भिंत मध्यम किमतीच्या, अवाढव्य जहाजांवर उभी राहते. खरोखर श्रीमंतांच्या बोटीवर तिची गरज पडत नाही, कारण तिथे गर्दीच नसते.

आता मराठी प्रवाशाची बाजू. ‘कॉर्डेलिया’ने सप्टेंबर २०२१ मध्ये मुंबईहून ‘एम्प्रेस’ जहाज चालवायला सुरुवात केली. हे १९९० सालचं, रॉयल कॅरिबियनकडून आलेलं जहाज. त्यावर ‘स्टारलाइट’ हे मुख्य भोजनगृह, एक फूड कोर्ट, आणि वेगळे पैसे देऊन जेवायचं ‘चॉपस्टिक्स’. शाकाहारी आणि जैन जेवणाची सोय पहिल्यापासून आहे. परदेशी जहाजावर आपल्या माणसाची पहिली काळजी हीच असते: वरण-भात मिळेल का, भाजीत काय पडलं असेल. इथे एक गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक आहे. बहुतेक मोठ्या जहाजांच्या मुख्य भोजनगृहात रोज एखादा भारतीय शाकाहारी पदार्थ असतो, आणि पहिल्या संध्याकाळी हेड वेटरला भेटून सांगितलं तर तो दुसऱ्या दिवसापासून डाळ, भाजी, भात, कधी पराठा अशी सोय करतो. स्वयंपाकघरात भारतीय माणसं असतात, त्यांना हे करण्यात आनंद वाटतो. याचे वेगळे पैसे पडत नाहीत. यादीबाहेरचं मागण्याचा जो हक्क वर क्वीन्स ग्रिलमध्ये एवढ्या किमतीला विकला जातो, त्याचा आपल्या कामाचा तुकडा आतल्या खोलीतल्या माणसालाही मिळतो. मागायला संकोच करू नये, आणि आदल्या दिवशी सांगावं.

म्हणून केवळ जेवणासाठी स्वीट घेऊ नका, असं मी नातेवाइकांना सांगतो. ज्याला पंधरा मजल्यांचं शहर बघायचं आहे, नातवंडांना घेऊन फिरायचं आहे, तो दिवसातला किती वेळ त्या शांत रेस्टॉरंटात बसणार? शिवाय स्वीटवाल्याच्या रोजच्या टीपचा आकडाही बहुधा वरचा असतो, तो हिशेबात धरायचा राहून जातो. बाल्कनीची खोली घ्यावी आणि उरलेल्या पैशांत दोन-तीन संध्याकाळी खास रेस्टॉरंटात जेवावं. पदार्थांची विविधता स्वीटवाल्यापेक्षा कमी पडणार नाही.

पण एका गटासाठी माझं मत उलटं आहे. मधुमेह असलेले, इन्सुलिनच्या वेळेवर जेवावं लागणारे वडील. गुडघे दुखतात म्हणून बुफेत ताट धरून उभं राहता न येणारी आई. ऐकू कमी येतं म्हणून हजार माणसांच्या कलकलाटात बावरणारे आजोबा. यांच्यासाठी ठरलेल्या वेळी, बसल्या जागी, ओळखीच्या माणसाने वाढलेलं ताट हे चैनीत मोडत नाही. अशांना घेऊन जाणाऱ्याने परवडत असेल तर स्वीट घ्यावाच. आणि इथेच माझा आक्षेप जास्त टोकदार होतो. वेळेवर आणि शांतपणे जेवायला मिळणं ज्यांची गरज आहे, त्यांनी ते मिळवण्यासाठी बैठकीची खोली आणि संगमरवरी न्हाणीघरही विकत घ्यावं, ही सक्ती का?

वाढणाऱ्याकडे पाहिल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. जहाजांवर गोव्याची आणि कोकणची माणसं पिढ्यान्‌पिढ्या आहेत, आता विदर्भातून हॉटेल मॅनेजमेंट शिकलेली मुलंही जाऊ लागली आहेत. करार सहसा सहा ते नऊ महिन्यांचा, आणि त्या काळात आठवड्याची पूर्ण सुट्टी अशी नसते. २००६ च्या सागरी श्रम कराराने, जो २०१३ पासून लागू आहे, चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती बंधनकारक केली आहे. यावरून कामाचा दिवस किती लांब असू शकतो ते कळतं. खाली, प्रवाशांच्या नजरेआड, त्यांचं जेवणही हुद्द्यावरून ठरतं: अधिकाऱ्यांची मेस वेगळी, मधल्या कर्मचाऱ्यांची वेगळी, खलाशी-वाढप्यांची वेगळी. स्वीटच्या रेस्टॉरंटात नेमणूक होणं हे वाढप्याला बढतीसारखं असतं. कमी टेबलं, जास्त टीप, आणि प्रवाशाशी चार शब्द बोलायला वेळ. मोठ्या भोजनगृहातल्या मुलालाही नावं लक्षात राहतात, पण पाळी उठवायची घाई त्याला बोलू देत नाही.

आमच्या भागात हा प्रश्न समुद्राशिवाय पोहोचला आहेच. नागपूरहून उमरेड, भिवापूरमार्गे नागभीडला येणारी छोटी गाडी २०१९ च्या अखेरीस रुंदीकरणासाठी बंद झाली. तिच्यात भोजनयान कधी नव्हतं. लोक घरचा डबा सोडून बसत. आता ताडोबाच्या कोलारा, मोहर्ली दारांशी रिसॉर्टं आहेत आणि त्यांतल्या महागड्या कॉटेजना खासगी जेवणाचा लाभ जोडून विकला जातो. बाहेरचा पाहुणा तिथे बसून पास्ता खातो. मालगुजारी तळ्यातला मासा, पोपटाच्या शेंगांची भाजी, भिवापुरी मिरचीचा ठेचा हे त्या ताटात क्वचित दिसतं, आणि दिसलं तर ‘आदिवासी नाइट’च्या नावाखाली एका रात्रीपुरतं.

आणि भात. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ मध्ये आपल्या शेतातल्या ‘पटेल ३’ धानात वेगळ्या लोंब्या हेरल्या, त्या निवडून लावल्या, पुन्हा निवडल्या. त्यातून एचएमटी हा बारीक, चवदार तांदूळ आला. तळोधीच्या व्यापाऱ्याने त्याला तेव्हाच्या लोकप्रिय घड्याळाचं नाव दिलं. कृषी विद्यापीठाने पुढे ‘पीकेव्ही एचएमटी’ म्हणून वाण प्रसारित केलं. दादाजींनी आणखीही वाणं काढली, राष्ट्रीय सन्मान झाला, पण घरची ओढाताण संपली नाही. ३ जून २०१८ ला ते गेले. आज विदर्भात पाहुण्याला चांगला भात वाढायचा तर एचएमटी शिजतो. क्वीन्स ग्रिलसारख्या ठिकाणच्या मेनूत चीज कुठल्या खोऱ्यातलं, लोणी कुठल्या गावचं हे आवर्जून छापतात, आणि ते योग्यच आहे. मग मुंबईहून निघणाऱ्या जहाजाच्या यादीत, डेक्कन ओडिसीच्या यादीत, कोलाऱ्याच्या रिसॉर्टच्या यादीत ‘एचएमटी भात, नांदेड, तालुका नागभीड; वाण दादाजी खोब्रागडे यांचं’ एवढी ओळ यायला काय हरकत आहे? ती स्वीटवाल्याच्या मेनूत तेवढी नको, बुफेच्या भातापुढच्या पाटीवरही हवी.

हे सगळं आत्ता बोलण्याचं कारण आहे. केंद्र सरकारने ३० सप्टेंबर २०२४ ला मुंबईत ‘क्रूझ भारत मिशन’ जाहीर केलं, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये मुंबईच्या नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन झालं. जहाजं वाढतील, आणि त्यांची भोजनगृहं कशी आखायची हे आताच ठरणार आहे. माझी मागणी चार ओळींत मावते. प्रत्येक जहाजावर एक लहान, शांत भोजनगृह असावं. त्यातली निम्मी टेबलं खोली न विचारता, जेवणाचे पैसे घेऊन द्यावीत. सत्तरी ओलांडलेल्यांना आणि आजारामुळे वेळेवर जेवावं लागणाऱ्यांना तिथे विनाशुल्क जागा असावी. आणि बोटीवर चढण्याच्या दिवशी दुपारी ते सर्वांत आधी त्यांच्यासाठी उघडावं.